गोळा चार किलोचाच होता

काही वर्षांपूर्वीच्या एका नोव्हेंबरात, सकाळी साडेनऊच्या सुमारास, मी लोखंडी गोळा थैलीत घालून अकोटातल्या एका ढेपेच्या दुकानात गेलो आणि तो काट्यावर ठेवला. दुकानदार ओळखीचा. "काहून सर, पोट्ट्यायले आता ढेप चारता का?" म्हणून हसला. काटा चार किलो दाखवत होता. मी गोळा उचलला, काटा शून्यावर आलेला पाहिला आणि पुन्हा ठेवला. चार किलो.

तो कमी भरावा अशी माझी फार इच्छा होती. साडेतीन, पावणेचार, काहीही चाललं असतं. गोळा हलका निघाला असता तर मी खरा ठरलो असतो, आणि वीस वर्षं पोरांकडून जे करून घेतलं तेही खरं ठरलं असतं. शेवटी मी दुकानदाराला विचारलं, "तुझा काटा बरोबर आहे ना?" तो हसायचा थांबला. व्यापाऱ्याला असं विचारत नसतात.

मी शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक. पण गावात लोक मला ओळखतात ते पहाटेच्या मैदानामुळं. आमच्याकडं मैदान म्हणजे मुख्यतः पोलीस भरती. जमीन दोन-तीन एकर कोरडवाहू, कपाशीचा भरवसा नाही, सोयाबीनचा त्याहून नाही. तेव्हा बारावी झालेलं पोरगं बूट घेतं आणि पाच वाजता माझ्याकडं येतं. पोरीही येतात, आता तर पोरांइतक्याच. मधूनच एखादं पोर खरोखर धावपटू निघतं, जिल्हा आणि विभाग गाठतं.

यांना मी काय दिलं, तर दौड. सोमवारी दौड, मंगळवारी दौड, रविवारी पोपटखेडच्या रस्त्यानं लांब दौड, डांबरावरून, सातपुडा समोर ठेवून. कुणी मागं पडलं की दोन चकरा जास्त. कुणी पाणी मागितलं की "पोटात कळ येईल, नंतर पी." पोरं कंटाळली की मी अविनाश साबळेचं नाव काढायचो. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा पोरगा, शाळेत पायी आणि पळत जायचा, आणि 2022 साली बर्मिंगहॅमला स्टीपलचेसचं रुपेरी पदक घेऊन आला. "त्याच्याकडं काय होतं? पायच होते ना?" असं मी ठणकावून विचारायचो. शाळेनंतरची त्याची सैन्यातली वर्षं, प्रशिक्षक, मोजूनमापून आखलेला सराव हे सगळं मी त्या गोष्टीतून गाळत असे. गोष्ट तेवढ्यानं छोटी आणि कामाची व्हायची.

वजनाला तर मी मैदानाच्या कडेलाही फिरकू दिलं नाही. जिममध्ये जाणारं पोरगं दिसलं की मी त्याला सगळ्यांसमोर 'आरसेवाला' म्हणायचो. वजन मारलं की अंग जड होतं, जड अंग पळत नाही. सोळाच्या आत वजन उचललं तर उंची खुंटते. आणि पोरींनी तर उचलूच नये. त्याचं कारण मी कधी उघड बोललो नाही, पण मनात तेच होतं जे त्यांच्या आयांच्या मनात होतं.

हे मला कुणी शिकवलं, याचा नंतर मी बराच शोध घेतला. शिक्षणावर ढकलता येत नाही. पुस्तकात वाढत्या भाराचं तत्त्व होतं, मी ते परीक्षेपुरतं पाठ केलं. परंपरेवरही ढकलता येत नाही, आणि हे जास्त लाजिरवाणं आहे, कारण मी उठताबसता परंपरेचं नाव घेणारा माणूस. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आमच्यापासून काही तासांच्या अंतरावर. 1914 साली वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या या संस्थेच्या पथकानं 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ आणि मल्लखांब करून दाखवले, ही गोष्ट मी दर वर्षी पोरांना छाती फुगवून सांगतो. पण त्या देशी व्यायामात होतं काय? मुद्गल होते, करेला होता, सुमतोला म्हणजे लाकडाचा ओंडका होता. जुने पहिलवान गळ्यात दगडी कडं घालून बैठका मारायचे. माझ्या आजोबांच्या आखाड्याच्या दाराशी एक गोल दगड पडलेला असायचा. जो तो छातीपर्यंत उचलेल त्यालाच आत कुस्तीला जोड मिळायची. तो दगड मी लहानपणी हातानं चाचपला आहे. म्हणजे वजन आमच्या घरचंच होतं. त्याला आरसा आणि गाणी लागली तेव्हा मला ते परकं वाटलं, इतकंच.

आता एका पोराबद्दल. ज्या मुलीमुळं मी त्या काट्यापर्यंत गेलो, तिच्या आधी तीन वर्षं तो होता. काटक, शब्द न टाकणारा, माझ्या लेखी आदर्श. एका उन्हाळ्यात तो म्हणाला, "सर, नळी दुखून राह्यली." मी म्हटलं, दुखणारच, पळतोस ना. आठ दिवसांनी पुन्हा म्हणाला. मी त्याला गटासमोर उभं करून म्हणालो, ज्याला दुखतं त्यानं घरी बसावं, भरती दुखणाऱ्यांसाठी नसते. त्यानंतर तो बोललाच नाही. मी विचारायचो, दुखतं का? तो म्हणायचा, नाही सर. महिनाभरानं पोपटखेडच्या रस्त्यावर तो मटकन खाली बसला आणि त्याला मोटारसायकलवर मधोमध बसवून आणावं लागलं. नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला होता. ती भरती हुकली. पुढची निघेपर्यंत वय उलटलं.

आज मला हे माहीत आहे की दम आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, हाडाला महिने लागतात. भार पडला की हाड आधी जुना भाग कोरून काढतं आणि मग नवा भरतं. मधल्या दिवसांत ते कच्चं असतं, आणि नेमकं त्याच दिवसांत पोराला पळताना हलकं वाटायला लागतं म्हणून शिक्षक चकरा वाढवतो. नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत नेला आणि दुखणं वीतभर पसरलेलं निघालं तर ते बहुधा साधं. रुपयाएवढ्या एकाच जागी पोर कळवळलं तर दौड त्या क्षणी बंद करून त्याला डॉक्टरकडं न्यायचं. अंगठा दाबायला दहा सेकंद लागतात. मी दाबला नव्हता. त्यावेळी मी लोकांना सांगितलं की पोराची हाडं कच्ची होती, घरी दूध नव्हतं. माझ्या पद्धतीवर त्या तड्याची रेघसुद्धा उमटली नाही.

मग ती मुलगी. पायथ्याकडच्या एका गावातून अंधारात सायकल मारत यायची. पळायला बरी, गोळ्याला कच्ची. पाच मीटरवर मी चुन्याची रेघ मारून ठेवलेली. तिचा गोळा नेहमी रेघेच्या हातभर अलीकडे. दसऱ्याच्या आसपास ती यायची बंद झाली. निरोप नाही, काही नाही. दिवाळी झाल्यावर, दीड महिन्यानं, एका सकाळी सायकल लावून ओळीत येऊन उभी राहिली.

मी तिची तिथंच चाचणी घ्यायचं ठरवलं. कारण लिहितो, नाहीतर या लिहिण्याला अर्थ नाही. तिची तयारी पाहण्यासाठी नव्हे; खाडा केल्यावर काय होतं ते बाकीच्यांना दाखवायचं होतं. तिला सगळ्यांसमोर उताणी पाडायची होती.

आठशे मीटरला ती पूर्वीपेक्षा नऊ-दहा सेकंद जास्त घेऊन आली. शेवटच्या वळणावर तोंड उघडं, खांदे वर. मी घड्याळ उंच धरून गटाला म्हणालो, "पाहा." मला बरं वाटलं. अर्ध्या तासानं गोळा. तिनं तो मानेशी धरला, वळली आणि टाकला. गोळा रेघेच्या पलीकडे पडला. जेमतेम नाही, चांगला दीड वीत. मी म्हणालो, पाय बाहेर गेला, फाउल. पाय बाहेर गेला नव्हता. तिनं काही न बोलता दुसरा टाकला, तोही पलीकडे. तिसरा त्याच्याही पुढं. ओळीतली पोरं चुळबुळायला लागली. शंभर मीटर पळवलं तर घड्याळ जवळजवळ अर्ध्या सेकंदानं खाली. ते मी माझ्या अंगठ्याच्या चुकीवर घातलं. पण गोळ्याचं काय करणार? पोरं घरी गेली, मी गोळा हातात घेऊन बसलो आणि मला सुचलं की हा जुना गोळा गंजून झिजला असणार.

म्हणून ते ढेपेचं दुकान.

दुकानातून मैदानापर्यंतचा रस्ता दहा मिनिटांचा आहे. त्या दहा मिनिटांत मला जे कळलं ते गोळ्याबद्दलचं नव्हतं. भर सकाळी, शाळा गाठायची सोडून, मी एका सरळ माणसाच्या काट्यावर संशय घेऊन आलो होतो. गोळा खोटा, काटा खोटा, घड्याळ खोटं, पोरीचा पाय खोटा. या सगळ्यांना खोटं पाडायला मी तयार होतो, फक्त एकाची तपासणी करायला तयार नव्हतो. आणि मग, कशी कोण जाणे, मोटारसायकलवर दोघांच्या मधे दबलेल्या त्या पोराची मान आठवली. तीन वर्षं ती आठवली नव्हती. पोराच्या मोडलेल्या हाडानं जे माझ्यापर्यंत पोचलं नाही ते पोचवायला ढेपेचा काटा लागला, ही गोष्ट मी आजही कुणाला सहज सांगू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी तिला बाजूला घेऊन विचारलं, दीड महिना काय केलं? ती घाबरली. "काहीच नाई केलं सर. सोयाबीन होतं नं. कट्टेच उचलले."

मी खोदून विचारलं. वडिलांची कंबर धरलेली, मजूर मिळेना. आधी घरच्या तीन एकरांची सोंगणी, मग थ्रेशर. ती आणि तिची काकू, दोघी मिळून कट्टा उचलायच्या: खाली वाकायचं, दोन्ही कान धरायचे, गुडघ्यापर्यंत आणायचा, एक झोका आणि ट्रॉलीत. कट्टा पन्नास-साठ किलोचा. घरचं आटोपल्यावर दुसऱ्यांच्या वावरात मजुरीनं, तिथं कट्टे जास्त. मधे परतीचा पाऊस आला की दोन-तीन दिवस काम बंद, झोप आणि भाकरी. पुन्हा कट्टे. शिवाय घरी असल्यामुळं दोन्ही वेळ पोटभर जेवण, वरण आणि शेंगदाण्याची चटणी. आणि दौड शून्य. तिचीही नळी उन्हाळ्यापासून दुखत होती, हे तिनं मला तेव्हा सांगितलं. "आता नाई दुखत."

पुढच्या काही महिन्यांत मी अमरावतीच्या एका जुन्या वर्गमित्राकडून पुस्तकं आणून वाचली तेव्हा जागोजाग ते वावर दिसत राहिलं. थोड्या वेळा, पण भारी वजन. हळूहळू चढता भार. मधे विश्रांती, कारण ताकद उचलताना वाढत नाही, त्यानंतरच्या झोपेत आणि जेवणात वाढते. पहिल्या काही आठवड्यांत तर स्नायू फारसा फुगतही नाही. मेंदू आहेत त्याच स्नायूंतले जास्त धागे एकाच वेळी कामाला लावायला शिकतो. म्हणूनच ती जाड न होता जोरकस झाली होती. मी सहा महिने तिच्याकडून जे काढू शकलो नाही ते परतीच्या पावसानं आणि काकूनं, काहीही न ठरवता, काढलं होतं.

माझ्यासारखे आणखीही होते हे वाचून थोडा धीर आला. 1969 साली अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठानं बॉइड एप्ली नावाच्या, पाठ दुखावलेल्या एका बांबूउडीपटूला फुटबॉल संघाची ताकद वाढवायला नेमलं. तिथल्या मुख्य प्रशिक्षकाची अट अशी की एक जरी खेळाडू मंद झाला तर तुझी नोकरी गेली. वजनानं माणूस आखडतो ही समजूत तिकडंही तेवढीच पक्की होती. एप्लीची नोकरी गेली नाही, उलट त्याच्या पुढाकारानं 1978 मध्ये अशा प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. धीर आला, पण सुटका झाली नाही. 1969 मध्ये चुकणं वेगळं आणि मी चुकलो त्या काळात चुकणं वेगळं.

आणि एक हिशेब तर पुस्तकाशिवायही करता आला असता. पोलीस शिपायाच्या मैदानी चाचणीला पन्नास गुण. पोरांना सोळाशे मीटर, पोरींना आठशे, त्याचे वीस. शंभर मीटरचे पंधरा, गोळ्याचे पंधरा. म्हणजे पन्नासातले तीस गुण झटक्याच्या ताकदीचे, आणि मी आठवड्यातले सहा दिवस उरलेल्या विसांसाठी पोरांची हाडं झिजवत होतो. गणित पाचवीच्या पोराला सुटेल असं. मला का सुटलं नाही? दौडीला काही लागत नाही म्हणून. एक शिटी, एक घड्याळ, आणि मी पारावर. पोरं दमून पडली की आईबापांना वाटायचं सर मेहनत घेतात, मलाही वाटायचं. वजन शिकवायचं तर प्रत्येकाची पाठ, गुडघा, टाच पाहावी लागते, एकेकाजवळ उभं राहावं लागतं. माझ्या तत्त्वनिष्ठेत आळस किती होता हे मी मोजलेलं नाही.

याहून वाईट एक आहे. शाळेतल्या एका बाईंनी मला कधीतरी सांगितलं होतं की गटातल्या एका मुलीची पाळी चार महिने आलेली नाही. मी म्हणालो होतो, "बरंच आहे, सरावात खंड नाही." बाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि त्या निघून गेल्या. कमी खाऊन जास्त पळणाऱ्या मुलींत शरीर आधी पाळी बंद करतं, मग हाडं ठिसूळ होतात. 2014 साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं या उपाशीपणाला रीतसर नाव दिलं आणि तो मुलग्यांतही होतो हेही सांगितलं. ती धोक्याची घंटा होती आणि मी तिला सोय समजलो. आज गटात मुली आल्या की मी पहिल्यांदा त्याच बाईंना बोलावतो. त्या येतात. ते वाक्य त्यांनी अजून माझ्यासमोर काढलेलं नाही, आणि मी माफी मागितलेली नाही.

नवं मैदान काही देखणं नाही. रेती भरलेले कट्टे, वीस किलोपासून साठपर्यंत, शिवून ठेवलेले. एका लोखंडी रॉडच्या दोन टोकांना तेलाच्या डब्यांत सिमेंट ओतून केलेला भार, जो एका बाजूला किंचित जड आहे आणि पोरं त्याला 'लंगडा' म्हणतात. सुरुवातीला वजन नाहीच. रिकामी काठी मानेवर घेऊन बैठक. टाच उचलली तर पुन्हा. दौड सहा दिवसांची चार झाली, दोन दिवस कट्टे. तीन आठवडे चढायचं, चौथा हलका. गोणपाटावर गुडघे टेकून बसायचं, जोडीदारानं घोटे धरायचे आणि मांडीच्या मागच्या स्नायूंच्या जोरावर शरीर हळूहळू पुढं सोडायचं, हा एक व्यायाम. फुटबॉलपटूंवरच्या अभ्यासांत त्यानं मांडीच्या मागच्या दुखापती जवळजवळ निम्म्यावर आलेल्या दिसल्या. खर्च शून्य. पहिल्या दिवशी सगळी पोरं तोंडावर आपटतात आणि खूप हसतात.

घाईही केली. नव्या उत्साहात एका पोराला कट्टा लवकर चढवला आणि त्याची कंबर पंधरा दिवस धरली. म्हणजे औषध बदललं, वैद्य तोच राहिला होता.

आयांची समजूत काढणं सर्वांत अवघड गेलं. एकीच्या घरी गेलो तर ती अंगणातच म्हणाली, "सर, पोरीच्या जातीले वजन नाई झेपत. पोट सरकते. उद्या लग्न व्हाचं हाय." असं म्हणत तिनं डोक्यावरचा सरपणाचा भारा माझ्यासमोर खाली टाकला. भाऱ्यानं धूळ उडाली. मी भाऱ्याकडं पाहिलं, तिनंही पाहिलं. मला बोलायचं होतं ते सगळं तिथं पडलं होतं, पण वीस वर्षं मीच हे मनात बाळगलं होतं, मी तिला कोणत्या तोंडानं हसणार? मी पाणी प्यालो आणि म्हणालो, तुम्ही एक दिवस येऊन पाहा. ती आली, पाराशी बसून पाहिलं, आणि जाताना लेकीला म्हणाली, "कंबर सरळ ठेव व माय, मी तं वाकून उचलू उचलू मोडली."

ती कट्टेवाली मुलगी पहिल्या भरतीत लेखीला अडली. पुढं काय झालं ते तिचं ती सांगेल.

तो नळी मोडलेला पोरगा अकोटातच आहे, जिनिंगमध्ये कामाला. रस्त्यात भेटला की "नमस्कार सर" म्हणतो. मला दर वेळी थांबून बोलायचं असतं, आणि दर वेळी मी पावसाचं किंवा कापसाच्या भावाचं विचारतो. गेल्या थंडीत त्यानंच थांबवलं. म्हणाला, "सर, लहान्याले पाठवू का तुमच्याकडं? लय पळते तो." मी म्हणालो, पाठव. तेव्हा तरी बोलायला हवं होतं.

धाकटा आला. तसाच काटक, तसाच मान खाली घालून उभा राहणारा. तिसऱ्या आठवड्यात पळताना त्याचं डावं पाऊल मला जरा अलगद पडताना दिसलं. थांबवलं. विचारलं, "नळी दुखते का?"

"नाही सर."

मी त्याला पारावर बसवलं, बूट काढायला लावला, पँट गुडघ्यापर्यंत सरकवली आणि घोट्यापासून अंगठा दाबत वर न्यायला लागलो. तो दूर डोंगराकडं पाहत होता. मी त्याच्या चेहऱ्याकडं.